रस्ता दाखवायला आलेला

दोन बोटांनी समोरच्याची हनुवटी वर उचलायची, तोंडाकडे नीट बघायचं आणि विचारायचं, "जेवलास का रं?" आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींची ही पद्धत. वॉचमन असो, सिलिंडरवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो. 'हो' म्हटलेलं त्यांना पटत नसे. तोंड बघून त्या स्वतःच ठरवत आणि बहुतेकदा आत जाऊन ताट वाढत.

पालेगावात आज आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. म्हणजे अगदी एकट्या नाही. मुलगा दुबईला नोकरीला गेला आणि हौसेने आणलेली भलीमोठी हिरवी पाल आईकडे ठेवून गेला. तुम्ही-आम्ही तिला इग्वाना म्हणू. मावशी 'बाल्या' म्हणत. रोज सकाळी बाल्याचीही हनुवटी उचलली जाई.

मीही एकटाच. स्वयंपाकात माझी मजल आम्लेटपर्यंत. पहिल्याच आठवड्यात माझी हनुवटी उचलली गेली आणि पुढ्यात सुकटीची चटणी नि तांदळाची भाकरी आली. मग भाजीवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "यो माजा दुसरा पोर." पहिला कोण, दुबईवाला की बाल्या, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

गणपती जवळ आले असताना बाल्याने खाणं सोडलं. मागचे पाय थरथरायला लागले. मावशी माझ्या दारात उभ्या. "चल रं, दाक्तरकडं नेऊ. मना याचे हाल बघवत नाय."

असल्या जनावरांचा डॉक्टर उल्हासनगरात आहे, हे त्यांना मीच शोधून सांगितलं होतं. त्यामुळे सुटका नव्हती. पण भर दिवसा शेअर रिक्षात मांडीवर पाल घेऊन कसं बसायचं? मी बाल्याला टोपलीत ठेवून वर कोरा टॉवेल टाकला.

रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. "बाप्पा काय?"

त्या दिवसांत तोंड झाकून मांडीवर घेतलेलं दुसरं काय असणार? मी म्हटलं, "हो."

शेजारच्या बाईंनी लगेच हात जोडले, पाय आखडून घेतले. रिक्षावाला खड्डे चुकवत बैलगाडीसारखा चालला. नाक्यापर्यंत सगळं सोवळ्यात होतं. मग टॉवेलखालून हातभर शेपटी बाहेर आली.

"भाऊ," रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "सोंड मागून बसवलीय काय?"

"पाल हाय बाबा, आजारी हाय," मावशींनी सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून, "खोटा कशाला बोलतंस रं? लाजायचा काय त्यात?"

बाई पुढच्याच नाक्यावर उतरल्या. कानाला हात लावून.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होतो. मी नाही झालो. दवाखान्यात सगळी कुत्रेवाली मंडळी. त्यांतच आमचे ऑफिसचे साहेब, मांडीवर कापसासारखं पांढरं पिल्लू घेऊन. त्यांनी आधी टोपलीत बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे, तू? हे... हे तुमच्या घरचं?"

"छे छे, सर!" मी टोपली मावशींच्या मांडीवर ठेवून उभाच राहिलो. "ह्या शेजारच्या बाई. ह्यांना रस्ता दाखवायला आलो."

मावशी बाल्याच्या पाठीवर टॉवेल सारखा करत होत्या.

आत डॉक्टरांनी बाल्याला उलटसुलट बघितलं. "हाडं ठिसूळ झालीत. उन्हात ठेवत नाही का?"

"समोर टावर झाला. घरात ऊन येत नाय." मावशी जरा थांबल्या. "त्याची जमीन पन आमचीच व्हती. ऊन आमीच इकला."

"बरं, इंजेक्शन देऊ. दोघांनी धरावं लागेल. घरातलं कोण आहे?"

मी हात पुढे केले.

"मी एकलीच हाय," मावशी म्हणाल्या. "यो रस्ता दाखवायला आलाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शेवटी कंपाउंडरने पाय धरले. मी टॉवेलची घडी करत राहिलो. बरीच लहान घडी झाली.

त्यानंतर रोज सकाळी बाल्याला गच्चीवर उन्हात नेण्याचं काम मी आपणहून घेतलं. लिफ्टमधून, सगळ्यांदेखत, बिनटॉवेलाचा. बिल्डिंगमधली पोरं मला 'पालकाका' म्हणायला लागली. मावशी वर चहा आणून देत. कुणी विचारलं तर सांगत, "शेजारी हाय. भला मानूस हाय." इतकी बढती मला नको होती.

बाल्या सावरला. दिवाळीनंतर मुलगा परत आला, बदलापुरात बेलवलीला घर घेतलं, आणि दोघांना न्यायला गाडी घेऊन आला. टोपली खाली मीच नेली. गाडीत बसायच्या आधी मावशींनी बाल्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली. "जेवलास का रं?" वॉचमनची उचलली. मग माझ्याकडे वळल्या.

हात वर आला. मी थोडा वाकलोही.

दुसरा हात येऊन त्याला जोडला गेला. "येते हां भाऊ," मावशी म्हणाल्या. "तुमी लय केलात आमच्यासाठी."

गाडी कमानीतून बाहेर पडली. माझी हनुवटी अजून जराशी पुढेच होती.