गव्हावर ज्वारी दळू नका

नारायण पेठेतल्या गिरणीत एकदा दोन डब्यांवरून भांडण जुंपलं होतं. सुशीलाबाई तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नव्यानं लागल्या होत्या. ड्यूटी सुटल्यावर ज्वारीचा डबा घेऊन त्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यामागे एका काकूंचे गहू. काकूंनी गिरणीवाल्याला बजावलं की माझे गहू हिच्या ज्वारीवर दळायचे नाहीत, पोळ्या काळ्या पडतात. गिरणीवाला म्हणाला, "काकू, गव्हाला विटाळ होत नसतो."

मग काय विचारता. विटाळाचं कोण बोलतंय, मी पोळीचं बोलतेय, असं म्हणत काकूंनी त्याची अक्कल, हिशेब आणि घराणं सगळं बारीक दळून काढलं. सुशीलाबाई आपला डबा घेऊन घरी आल्या आणि पोट धरून हसल्या. पोट भरलेलं असलं की माणूस पिठाच्या रंगावरून भांडतं, एवढंच त्यांना कळलं. त्यांच्या लहानपणी गहू सणालाच दिसायचा.

म्हणूनच पुढे मुलगा रोहन कंप्युटरच्या कंपनीत लागला, शहराबाहेर मांजरी गावात नव्या सोसायटीत फ्लॅट झाला आणि घरात रोजची पोळी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त मिजास सुशीलाबाईंना. नात सृष्टी, तिला तर त्यांनी तूप लावलेल्या पोळीवरच वाढवली. तरी पोर अंगानं भरेना. वर्गातल्या मुली उंच झाल्या, ही आपली पहिल्या बाकावरच.

करोना आला त्या वर्षी सृष्टी आठवीत होती. तिला जुलाब लागले ते थांबेचनात. पोट फुगलेलं, चेहरा पांढराफटक, केस विंचरले की फणीत पुंजका. नाकात काडी घालून पुन्हा पुन्हा तपासलं, करोना नाही. सोसायटीला मात्र खात्री होती. लिफ्टमध्ये हे घर दिसलं की माणसं जिन्यानं जायची. तेवढाच त्यांच्या गुडघ्यांना व्यायाम झाला, असं सुशीलाबाई म्हणायच्या.

शेजारची शैला तेवढी माणुसकीची. दाराशी डबा ठेवून जायची, त्यात रव्याची खीर, मऊ फुलके, चहाबरोबर खायला टोस्ट. आजाऱ्याला पचायला हलकं द्यावं, ही आपली रीतच. सृष्टी भाकरी मागायची. भाकरी जड, बरी झालीस की खा, असं सांगून आजी तिला फुलकाच भरवायच्या.

मग गल्लीला पत्रे ठोकले. दुकान बंद, गिरणी बंद, घरातली कणीक संपली. आठवडाभर सगळ्यांनी भात आणि वरण खाल्लं. त्या आठवड्यात पोरीचं पोट थोडं निवलं. पत्रे निघाले, कणीक आली, की पुन्हा तेच. फोनवर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मधे बरं कधी वाटलं होतं, तेव्हा काय खाल्लं? रोहन आठवू लागला. सुशीलाबाईंना आठवायची गरज नव्हती.

रक्त तपासलं. सिलिअ‍ॅक म्हणतात त्या आजाराची खूण निघाली. गव्हात जो चिकटपणा असतो, ज्यानं कणीक छान तिंबली जाते, तोच हिच्या आतड्यांना खरवडत होता. सुशीलाबाईंनी पोळपाटाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

पण एवढ्यावर भागेना. पक्कं कळायला दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढायचा होता, आणि इस्पितळं करोनानं भरलेली. नंबर लागेपर्यंत गहू सोडायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सोडला तर आतडं भरून यायला लागेल आणि तपासणीत काही दिसायचं नाही.

चैताली, सृष्टीची आई, रडायला लागली. "आई, जाऊ दे ती तपासणी. आजपासून बंद करू गहू. लेकराला जाणूनबुजून कसं खायला घालायचं?"

"जन्मभर पाळायचंय हे," सुशीलाबाई म्हणाल्या. "उद्या लग्नात, हॉटेलात कुणी म्हणेल, थोड्यानं काही होत नाही. तेव्हा हिच्या मनात शंका नको."

आणि पोळी लाटायचं काम त्यांनी सुनेकडे दिलं नाही. रोज एक पोळी. समोर बसायच्या, स्वतःही पोळीच घ्यायच्या. एकदा सृष्टी घास हातात धरून बसून राहिली.

"आजी, तुला राग नाही येत ह्या पोळीचा?"

"येतो ना. म्हणून तर चावून चावून खाते."

पोर हसली आणि घास गिळला.

नंबर लागला, निदान पक्कं झालं. त्या दिवसापासून त्या घरात गहू बंद. तवा नवा, पोळपाट नवा, हिंगसुद्धा बदलला, कारण डबीतल्या हिंगातही कणीक असते. सृष्टीच्या गालांवर रंग आला. आणि मग, सगळं नीट पाळत असताना, पोट पुन्हा बिघडलं.

सुशीलाबाई सोसायटीजवळच्या भैरूच्या गिरणीत ज्वारीचा डबा घेऊन उभ्या होत्या. पुढच्या माणसाचे गहू संपले, भैरू त्यावरच त्यांची ज्वारी ओतायला निघाला. तेव्हा त्यांना इतक्या वर्षांनी नारायण पेठेतल्या काकू आठवल्या.

"थांब भैरू. गव्हावर माझी ज्वारी दळू नको."

"आजी, चिमूटभर गव्हानं काय व्हतंय?" भैरू हसला. "भाकरी गोरीच हुईल की."

त्या चिमटीनं काय होतं, ते सुशीलाबाईंनी त्याला सगळ्या रांगेदेखत सांगितलं. आवाज हुबेहूब काकूंचा निघाला, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. भैरूचाही इलाज नव्हता, गव्हाला आणि ज्वारीला गिरणी एकच. डबा तसाच उचलून त्या घरी आल्या आणि रोहनला म्हणाल्या, घरघंटी आण. ती आली. ज्वारी न फोडलेल्या पोत्यातली, ताटात पसरून दाणा दाणा निवडलेली. शैला एकदा किलोभर गहू दळून मागायला आली. सुशीलाबाईंनी तिला चहा दिला, लाडू दिला, गहू परत दिले.

सृष्टी उंच झाली. कॉलेजसाठी नारायण पेठेतच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. दर रविवारी सुशीलाबाई पिठाचा डबा मांडीवर धरून बसनं तिथे जायच्या. रोहन गाडीनं सोडतो म्हणायचा. तू मीटिंगा कर, असं त्या सांगायच्या.

त्यांच्या जन्मातला शेवटचा फेराही तसाच झाला. छातीत जरा कळ येत होती, जिन्यात त्या दोनदा टेकल्या. वर गेल्यावर आधी ओट्याकडे पाहिलं.

"तवा निराळा ना?"

"निराळाच आहे, आजी. माझ्या मैत्रिणीसुद्धा त्याला घाबरतात."

"घाबरू देत."

भरलेला डबा ठेवला, रिकामा घेतला. मांजरीची बस पकडली. घरी येऊन डबा घासला, कोरडा पुसला आणि पुढच्या रविवारसाठी घरघंटीवर पालथा घातला.