पत्रकातला बगळा

मिरज स्टँडवर बस सुटताना, बाबा, तुम्ही खिडकीतून पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकलात आणि म्हणालात, "बगळे तिथंही असतील. ओळखायला शीक." आपल्या घरात बगळा हा पक्षी नव्हताच. बगळा म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला ढोंगी माणूस. मी अक्षरं गिरवली तीच तुमच्या पत्रकांवर.

बंगळूरला पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले आणि बनशंकरी भागात अक्कांकडे भाड्याने राहिले. अक्कांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलं. त्यांची मराठी निम्मी कन्नड. दोन महिन्यांत मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मालक रोज सकाळी देवापुढे डोळे मिटून उभा राहायचा, आणि आम्हा बायकांना बाथरूमला जायलाही चिठ्ठी मागायचा. मथळा दिला: 'आमचा बगळा'. तुमच्याकडे छापायला पाठवायचं म्हणून ते पर्समध्ये घेऊन रविवारी अक्कांबरोबर तळ्यावर गेले.

"कोक्करे बघ," अक्का म्हणाल्या. कोक्करे म्हणजे बगळा. मला दिसेना, कारण मी पांढरा शोधत होते. हा चिखलाच्याच रंगाचा, दहा पावलांवर. तुमचे ढोंगी बगळे अक्कांना सांगत मी पुढे सरकले.

"स्वल्प गप उभी राहा गं! भाषण नंतर दे. तुझी सावली बघून मासा पळतोय."

उभी राहिले. त्याची मान खांद्यांत ओढलेली, पिवळा डोळा पाण्यावर. माझे पाय अवघडले, तो हलला नाही. मग मान सुटली. चोच जाताना दिसलीच नाही. परतली तेव्हा तिच्यात मासा आडवा तडफडत होता. त्याने तो झटकला, हलकेच उडवला, सरळ केला.

"डोक्याकडूनच गिळणार," अक्का कुजबुजल्या. "उलटा गेला तर काटे रुततात."

गळ्यातला फुगवटा खाली सरकेपर्यंत मी श्वास धरून होते. त्याने घोटभर पाणी घेतलं आणि उडाला. त्या मळकट अंगातून दोन शुभ्र पंख उघडले! पर्समधलं पत्रक मी विसरूनच गेले. मी, बाबा, तुमची मुलगी!

यात ढोंग कुठं होतं? एक उपाशी जीव आपल्या कामावर उभा होता, आमच्या लाइनवरच्या बायकांसारखा. त्याचं नाव मी मालकाला कशाला देऊ?

तिथंच मथळा खोडला. लिहिलं: 'चिठ्ठी मागणं बंद करा.' अक्कांनी कन्नड करून दिलं, इथंच छापलं. सोबत एक प्रत पाठवते आहे. तुम्हाला वाचता येणार नाही. माझं घर अजून तुमच्या पत्रकांतच आहे, बाबा. फक्त त्यातला एक शब्द उठून इथल्या तळ्यावर राहायला आला आहे.