बत्तिसावी खोली

माझ्या पन्नाशीला मुलाने मला एक खेळणं दिलं. तळहातात मावणारं, रंगीत पडद्याचं, आणि आत जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरचे शेकडो गेम. "बाबा, तुझं सगळं लहानपण आहे यात," म्हणाला आणि बंगळुरूला निघून गेला. बायकोला रविवारीही नोकरी. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घरात मी आणि लहानपण, दोघेच. त्यातही मला चष्मा लावल्याशिवाय ते दिसत नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो. दुबईच्या मामाने एक कॉम्प्युटर आणलेला. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. तो आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा. गेम कॅसेटमध्ये असायचे. टेपरेकॉर्डर सुरू केला की पाच-सहा मिनिटं नुसत्या किंकाळ्या, आणि मग, नशीब असेल तर, गेम. मध्येच आईने मिक्सर लावला की सगळं पहिल्यापासून. आमच्याकडे चटणी याच्या सोयीने होते, असं आई शेजारणींना सांगायची. कौतुकाने नाही.

मला मित्र फारसे नव्हते. खाली क्रिकेट चालायचं तिथे मला कायम अंपायर करायचे, आणि निर्णय आपापसात घ्यायचे. मग मी वर येऊन एका किल्ल्यातल्या खोल्यांतून उड्या मारत फिरायचो. बत्तीस खोल्या होत्या.

बाबा मानपाड्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांनी तो गेम कधी बघितलाच नव्हता. ते घरी यायचे तेव्हा टीव्ही आईचा झालेला असायचा. पण जेवताना विचारायचे, "आज कुठवर?" मी सांगायचो आणि ते जेवण झाल्यावर ट्रेसिंग पेपरवर त्या खोलीचा नकाशा काढायचे.

"शिडी भिंतीपासून किती लांब?"

"बाबा, गेम आहे तो."

"असू दे ना. दार आत उघडतं की बाहेर?"

मला दुसऱ्या दिवशी दार बघायला पुन्हा त्या खोलीत जावं लागायचं. दिवसभरात माझ्याशी इतकं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. असं करत कागदावरच्या बत्तीसपैकी एकतीस चौकटी भरल्या. बत्तिसावी रिकामी होती. "ती आपण दोघं मिळून बघू," बाबा म्हणालेले.

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी मी त्या दारापाशी पोचलो. एकच जीव उरलेला. गेम साठवून ठेवायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून मी पॉज दाबला आणि बाबांची वाट बघत बसलो. ते सहाला यायचे. तेव्हा बारा वाजलेले.

"अरे, तापलाय तो. बंद कर," आई म्हणाली. मी कीबोर्डला वर्तमानपत्राने वारा घालत राहिलो. सहा तासांत डोंबिवलीत एकदाही लाईट गेली नाही, यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही.

सहाला बेल वाजली. मी दार उघडलं आणि म्हणालो, "बाबा, तुम्हाला दाखवायचंय काहीतरी. थांबा, आईलापण बोलावतो." आणि आत धावलो. एवढीच माझी चूक.

आमच्या घरात नियम होता: समोर माणूस नसेल तर बटण बंद. तो बाबांनीच केलेला. त्यांनी चपला काढल्या, डब्याची पिशवी ठेवली, समोर कोणी नसलेला टीव्ही पाहिला आणि जाता जाता बोर्डावरचं बटण दाबलं. टीव्ही आणि कॉम्प्युटर, दोन्ही त्याच एका बटणावर.

"रिकामा टीव्ही चालू ठेवतात का रे?" ते म्हणाले. "हं, काय दाखवणार होतास?"

आईने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली.

"काही नाही," मी म्हणालो. "असंच."

बाबांनी वीज वाचवल्याच्या समाधानात हात-पाय धुतले. त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "आज कुठवर?" मी म्हणालो, "आज खेळलोच नाही."

पुन्हा त्या दारापर्यंत मला कधी पोचता आलं नाही. पुढे दहावी आली, कॅसेटला बुरशी लागली. बाबा मात्र पुढे कितीतरी वर्षं मध्येच विचारायचे, अगदी माझ्या लग्नानंतरही, "त्या शेवटच्या खोलीचं काय झालं रे?" मी म्हणायचो, "बघू कधीतरी." ते जाऊन आता चार वर्षं झाली.

मुलाने दिलेल्या खेळण्यात कुठेही थांबून खेळ साठवता येतो. गेल्या रविवारी दर दोन उड्यांनंतर साठवत, भित्र्यासारखा, मी त्या दारातून आत गेलो. आत खजिना नव्हता. एक मेज, एक खुर्ची, मागे खिडकी. अभिनंदनाच्या दोन ओळी आल्या आणि गेम संपला.

"खिडकी मागच्या भिंतीच्या मधोमध आहे," मी मोठ्याने म्हणालो. "मेज डावीकडे. दार आत उघडतं."

आणि पुढचा प्रश्न येईल म्हणून थोडा वेळ थांबलो.