भैरूदादा मेला नाही, संद्या मेला

आज भैरूदादाचा फोटो टाकून 'मिस यू ब्रो' लिहिणाऱ्यांनो, आधी तो फोटो काढा.

भैरूदादा नावाचा कुणी मेलेला नाही. तो सिरीयलमधला गुंड. त्या रोलला आता दुसरा ॲक्टर आणलाय आणि मजेत चाललंय भैरूदादाचं.

मेला तो संद्या. दौंडकडच्या राहू गावचा संदीप. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी, शूटिंगवरून घरी येताना, यवतच्या अलीकडं हायवेवर.

संद्या रॅपर होता. ॲक्टर नंतर झाला, आणि नसता झाला तर बरं झालं असतं. हे मी त्याच्या तोंडावर बोललोय, त्यामुळं मेल्यावर बोलतोय असं कुणी म्हणू नये.

मी शिरूरचा. सणसवाडीत आम्ही एकाच कंपनीत, एकाच लाईनवर, एकाच भाड्याच्या खोलीत. गुरुवारी सुट्टी. भिंतीला गादी उभी करायची, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत रेकॉर्डिंग. बीट माझे, शब्द त्याचे.

शब्द म्हणजे तो घरी बोलायचा तेच. हाय, न्हाई, जवा, कवा. प्रत्येक गाणं 'जय भीम'नं सुरू. शेजारच्या खोलीतली बिहारची पोरं अर्धं न कळताही दारात उभी राहून मान हलवायची.

आज 'ब्रो' म्हणणाऱ्यांपैकी एकानंही तेव्हा लिंक शेअर केली नव्हती. "काय बडबडतोय हा" म्हणायचे.

मेल्या म्हशीला मणभर दूध!

मग कुठल्यातरी कास्टिंगवाल्यानं व्हिडिओ बघितला आणि पिक्चरमध्ये गुंडाचा रोल दिला. संद्या हवेत.

"सल्या, यकदा थोबाड वळखीचं झालं ना, का गाणी लोकं आपसूक ऐकत्यात बघ."

"आन् न्हाई ऐकली तर?"

"लय अपशकुनी हायस राव तू."

पिक्चर लागला. दौंडच्या थिएटरात राहूची निम्मी आळी. पुढं त्याची आई, नवी साडी नेसून. मी तिला मावशी म्हणतो.

संद्या पडद्यावर आला. शिट्ट्या. त्यानं तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याचाच.

डब केला होता, त्याला न सांगता. कुठल्यातरी आर्टिस्टनं घसा खरवडून 'गावरान' बोललेलं. तसं राहूत कुणी बोलत नाही, शिरूरला बोलत नाही, इनामगावातही नाही. एसी स्टुडिओत बोलत असतील.

मावशी मोठ्यानं म्हणाली, "ह्यो कोण बोलतोय माज्या पोराच्या तोंडातनं?"

लोक हसले. संद्या खाली बघत बसला.

नंतर त्यानं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, तुझं बोलणं अस्सल गावाकडचं वाटत नाही.

राहूत जन्मलेल्या माणसाला हे सांगितलं. आणि या साहेबांनी ऐकून घेतलं! मी म्हणालो, लाथ मार. त्यानं उलटंच केलं. त्या डबिंगवाल्याची नक्कल शिकला, आरशासमोर उभं राहून. कारण पुढचा रोल सिरीयलचा होता, आणि त्यांना पिक्चरमधला 'तोच आवाज' पाहिजे होता.

म्हणजे भैरूदादाचे जे डायलॉग तुम्ही स्टेटसला ठेवता, त्यात संद्याचा आवाज नाहीच. दुसऱ्याची नक्कल आहे ती.

पुढं पुढं फोनवरही तसाच बोलायला लागला. मी म्हणायचो, "नीट बोल की. मी काय डायरेक्टर हाय का?" तो हसायचा. गाण्याचं काढलं की, "टाइम न्हाई रं."

जाम भांडलो आम्ही. मी अजून चिडलेलोच आहे. आणि ज्याच्यावर चिडायचं तो समोर नाही, याचा जास्त राग येतो.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला.

"सलीम, मोबाईलात समदी त्याचंच दावत्यात मला. पन त्यात माजा संदीप बोलतच न्हाई रं. तुज्याकडं हाय का त्याचं बोलणं?"

म्हणून आज राहूला गेलो. विहारात वंदना झाली. बाहेर भला मोठा फ्लेक्स, नकली मिशा लावलेला संद्या, खाली 'भैरूदादा अमर रहे'. आईबापानं ठेवलेलं नाव कुठंच नाही. शेजारी स्क्रीन, त्यावर सिरीयलची क्लिप लावायची तयारी. मंडळाचे आप्पा पुढं पुढं करत होते.

"आप्पा, हे लावू नका."

"आरं, पब्लिक त्याच्यासाठीच आलंया."

"पब्लिक गेलं खड्ड्यात. मावशीनं मला बोलवलंय."

"शिरूरवरनं यिऊन आमाला शिकवतूस व्हय?"

"व्हय. शिकवतो."

स्क्रीनची वायर मीच उपटली. शिव्या खाल्ल्या. दिल्या नाहीत, विहाराचं दार होतं म्हणून.

मग स्पीकरला माझा मोबाईल जोडला. आमच्या गाण्यांतलं मधलं बोलणं मी मिक्सिंग करताना उडवायचो. एकच फाईल न कापलेली राहिली होती, त्याच्या घरी रेकॉर्ड केलेली. तीच लावली.

आधी खरखर. मागं थप थप, कुणीतरी भाकरी थापतंय. मग संद्या.

"आये, वाईच थांब गं. भाकरीचा आवाज यितोय माईकात."



मावशीनं मांडीवरचे दोन्ही हात उचलले आणि तसेच अधांतरी धरले. स्पीकरकडं बघत म्हणाली,

"थांबले बाबा. म्हन तू."

आणि संद्यानं अख्खं गाणं म्हटलं. ते संपेपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत.

संद्या, आपलं भांडण मिटलेलं नाही.

तरी मनापासून श्रद्धांजली, भावा. जय भीम.