भागाबाई आणि चावडीचा खोडा

भागाबाईशी कुणी वाकडं वागलं तर ती विसरत नसे, आणि विसरूही नये असं माझं मत आहे. दोंडाईच्याजवळच्या आमच्या शाळेत ती पाणी भरायची, मी चित्रकला शिकवायचो. सत्तरी आली तरी रुपचंद पाटलाच्या घरचा पाण्याचा घोटही तिनं कधी घेतला नाही.

ती नऊ वर्षांची असताना रुपचंदच्या बापानं तिच्या बापाला, वनाला, चावडीसमोर खोड्यात घातलं होतं. खोडा म्हणजे एकावर एक दोन जाड लाकडं, मध्ये पाय अडकवायची भोकं आणि बाजूला लोखंडी मेख. आळ काय, तर पाटलाच्या बैलाची पोळ्याची झूल चोरली. येणारा-जाणारा थुंकून गेला. आठ दिवसांनी झूल पाटलाच्याच माळ्यावर सापडली. पाटील म्हणाला, "आते काय, बठना तो बठना." म्हणजे बसला तो बसला. वना चोर नव्हता, एवढं मात्र त्या मेल्याच्या तोंडून निघालं नाही. वना पुन्हा कधी चारचौघांत बसला नाही आणि भागाबाई चोराची पोर म्हणूनच म्हातारी झाली.

१९८७ साली चावडी पाडली, तेव्हा तो खोडा शाळेच्या प्रदर्शनात आला. रुपचंद आता शाळेचा चेअरमन. पाहुणे बघून त्याला चेव चढला. "आमच्या वडिलांचा न्याय कडक होता," म्हणत तो सतरंजीवर बसला आणि स्वतःचेच पाय भोकांत घालून दाखवू लागला. हौसेला मोल नसतं. शिपायानं वरचं लाकूड टेकवलं.

भागाबाईनं कमरेवरची कळशी खाली ठेवली, मेख आत सारली आणि त्या लाकडावरच ठाण मांडलं.

"रुपचंद, मना बाप चोर व्हता का?"

तो हसला. "अक्का, ऊठ. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. सांग."

हेडमास्तर माझ्याकडे बघू लागले, मी खिडकीबाहेर बघितलं. म्हातारीला हात लावायची कुणाची छाती नव्हती, आणि माझी तर इच्छाही नव्हती. पाहुणे खोड्याभोवती जमले. रुपचंदचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"नव्हता," तो पुटपुटला.

"सगळासले आयकू येईन आसं बोल."

"वना चोर नव्हता. झूल आमनाच घरमा व्हती. आते तरी ऊठ."

साठ वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते तिनं ऐकलं. मला वाटलं, आता उठेल. शिपाई मेख काढायला वाकला, तसा तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"मना बाप दिन बुडेपावत बठेल व्हता," ती रुपचंदला म्हणाली. "आते तं अकराच वाजनात."