कपिलेची घंटा

झऱ्यावर आमची कपिला पुढचे दोन्ही गुडघे टेकून पाणी पीत होती. गाय अशी पाणी पिताना मी आयुष्यात पाहिली नव्हती.

दिवाळीनंतर ती चरायला गेली ती परतलीच नाही. बिबट्यानं नेली, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. आज काकांबरोबर करवंदं काढायला रानात आलो, तर ही समोर! अंगानं वाळलेली, पण जिवंत.

मग माझ्या लक्षात आलं. गळ्यातली घंटा वाजू नये म्हणून ती मान हलवतच नव्हती. घंटा आम्हीच बांधलेली, गाय हरवू नये म्हणून. पण रानात त्याच आवाजावर बिबट्या येतो. हे तिला कुणी शिकवलं असेल? भीतीनंच. रानात टिकायला तिला शिंगं परजावी लागली नाहीत. आमची माया तेवढी वाजू द्यायची नव्हती.

“कपिले, ये गो, ये ये!” पेंड घालताना मारायचे तशीच काकांनी हाक मारली.

सवयीनं तिची मान वळली. घंटा खणखणली. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली आणि उधळली. उतारावरून घंटा वाजत गेली, आणि खालच्या जाळीपाशी एकदम थांबली.

तिसऱ्या दिवशी काका नुसती घंटा घेऊन घरी आले. त्यांनी ती राखेनं घासून लख्ख केली आणि कपिलेच्याच पाडीच्या गळ्यात बांधली.

“ही तरी हरवायला नको,” म्हणाले.