उलांडी काढून नदीत उतरलेल्या कुमुदताई

कुमुदताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मसुऱ्याला, आमच्या घराच्या अंगणात. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी सावंतवाडीला नन्सच्या शाळेत बोर्डिंगात शिकत होते आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी आले होते. बोर्डिंगात घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर प्रार्थना. घरी आलं की घंटा नसे, पण काय करावं तेही कळत नसे. मी पडवीतून मागच्या दारी, मागच्या दारातून पडवीत नुसती फिरत होते. ताई आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, जाड दोर मागायला आल्या होत्या. आबांचं कापडाचं दुकान होतं, गाठोडी बांधायचा दोर त्यांच्याकडे पुष्कळ असे. ताईंनी दोर घेतला, जाता जाता माझ्याकडे पाहिलं आणि आबांना विचारलं, "हिका पोहूक येता काय हो?"

"येता. पण ती घरात बसना नाय," आबा म्हणाले.

"मगे बरा झाला," ताई म्हणाल्या. "माका तशीच व्हयी."

त्या मालवणच्या. घराणं दर्यावर्दी, वडील गलबतावर खलाशांचे प्रमुख, तांडेल. मसुऱ्याच्या शाळेत त्या मुलींच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि गड नदीच्या प्रेमात पडल्या. पावसाचा जोर ओसरला की दसऱ्याच्या सुमारास नदीला पाणी भरपूर असतं, पण ते पुराचं नसतं. तेवढ्या दिवसांत, कणकवलीच्या खालच्या अंगाला होड्या पाण्यात सोडून मसुऱ्यापर्यंत वाहत्या पाण्यातून उतरत यायचं, ही कल्पना त्यांची. मध्ये शांत, खोल कोंड, म्हणजे डोह, लागतात आणि दोन कोंडांच्या मध्ये खडकांवरून उसळणारे खळाळ. आम्ही चारपाच मुली, ताई आणि त्यांचे थोरले भाऊ बाबलदादा असा आमचा मेळा असे. होड्या बाबलदादांच्या, थेट मालवणहून आणलेल्या. त्या बैलगाडीवर चढवून वर न्यायच्या.

होडी गाडीत बसून डोंगराकडे निघालेली गावानं कधी पाहिली नव्हती. पाणवठ्यावरच्या बायका धुणं थांबवून बघत राहायच्या. एक जण ओरडली, "गो बाई, समुद्र आटलो काय? होडी डोंगराक नेतस ती?"

दुसरीनं लगेच पुढचं जोडलं, "नवरो गावना नाय म्हणान नदीत शोधूक चालली आसात."

ताई गाडीमागून चालत होत्या. न थांबता म्हणाल्या, "गावलो तर तुका धाडतंय गो. तुझो आता जुनो झालो!"

पाणवठा हसून लोटपोट झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकीनं आपली मुलगी आमच्याबरोबर पाठवली.

पण मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षाबद्दल. त्या वर्षी हे सगळं संपणारच होतं.

आमच्या समुद्रकाठच्या होड्यांना एका बाजूला उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा एक लाकडी ओंडका. तिच्यामुळे लाटेवर होडी कलंडत नाही. मालवणचा माणूस उलांडीशिवाय होडी पाण्यात ढकलणार नाही, तसं करणं त्याला वेडेपणाच वाटेल. ताईंनाही तसंच वाटत होतं. त्यामुळे नदीतल्या आमच्या होड्यांनाही उलांडी होतीच. पहिल्या वर्षी पाणी जास्त होतं, खडक बुडालेले होते, म्हणून निभावलं. दुसऱ्या वर्षी पाणी उतरलं होतं. एका अरुंद खळाळात उलांडी दोन खडकांच्या बेचक्यात अडकली. होडी जागच्या जागी गर्रकन फिरली, आडवी झाली, आणि पुढे बसलेली शालू पाण्यात फेकली गेली. शालू माझी चुलत बहीण, आमच्याच घरातली. ताईंनी मागचापुढचा विचार न करता उडी टाकली आणि खालच्या कोंडात तिला गाठलं. शालू वाचली, पण तिचा खांदा निखळला होता. ताईंच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि त्या त्याच अवस्थेत तिला गाडीत घालून घरी घेऊन आल्या.

गावात एकच बोलणं सुरू झालं. मुलींना नदीत नेणारी ही बाई कोण? शाळेच्या हेडमास्तरांनी ताईंना बोलावून सांगितलं, की प्रत्येक मुलीच्या घरून स्पष्ट होकार आल्याशिवाय यापुढे एकही मुलगी होडीत पाऊल ठेवणार नाही. होकार कोण देणार होतं? सगळे आबांकडे बघत होते. दुखापत आमच्या घरात झाली होती, आबांचा शब्द गावात चालायचा. आबा नाही म्हणाले की सगळी घरं नाही म्हणणार, हे उघड होतं.

ते दिवस मला आजही आठवतात. मला पंधरावं लागलं होतं. आत्या स्थळांच्या गोष्टी काढू लागली होती. बोर्डिंगात सिस्टर म्हणायच्या, मुलीनं पाय जुळवून, पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसावं. मी तशी बसायचे, पण नदी गेली तर मला सबंध आयुष्य तसंच बसावं लागेल, असं वाटायचं.

शालूचा खांदा बरा होत आल्यावर ताई आमच्याकडे आल्या. आबा गादीवर बसले होते. ताई उभ्याच राहिल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "नदीक मी समुद्र समाजलंय. उलांडी लाटेर राखता, खडकात गळो धरता. ती मी काढून टाकलंय."

"उलांडी काढलास?" आबा ताडकन म्हणाले. "मगे होडी सरळ कशी रवतली?"

"माणसानी सरळ ठेवूची. तळाक गुडघे टेकून बसाचा, आंग पाण्याबरोबर हलवचा. पंधरा दिवस कोंडात आमी दोघां भावंडां तेच शिकतंव. आता तुमी बसा होडयेत. मगे नको म्हणा."

"बाई, माका पोहूक येणा नाय."

"म्हणानच तुमका बसवतंय. पोहणारो माणूस उगाच धीट बोलता. तुमी घाबरलात तर खरा सांगशात."

आबा मोठ्या अंगाचे. डोक्यावर टोपी, धोतराचा काष्टा कसलेला, अशा थाटात ते होडीत गुडघे टेकून बसले. पुढे बाबलदादा, मागे ताई. त्याच अरुंद खळाळात. मी आणि शालू काठावरून पळत होतो. पाण्याच्या आवाजावर ताईंचा आवाज येत होता, "आबानु, कडेक धरू नका! हात मांडयेर! आंग ढिला सोडा!" होडी खडकांच्या मधून डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, एकदा पाण्याखाली गेली की काय असं वाटलं, आणि खालच्या कोंडात शांत येऊन थांबली. आबांची टोपी वाहून गेली होती. ते काठावर उतरले आणि तडक घरी चालू लागले.

घरी येऊन त्यांनी कपडे बदलले. पण दुकानात गेले नाहीत. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. आई घाबरली. "काय झाला हो? बरा वाटना नाय?"

"काय नाय," आबा म्हणाले. "पाय थांबनत नाय."

आईला ते कळलं नाही. मला कळलं. मी दाराआड उभी होते, आणि माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा ओळखत होते. थोड्या वेळानं ते थांबले आणि म्हणाले, "त्या बाईक सांग, दोनय पोरी येतली."

त्यानंतर साठचं दशक सरेपर्यंत दर दसऱ्याला मुली गड नदीतून उतरत राहिल्या. किती घरांतली माणसं ताईंनी अशी होडीत बसवली असतील, ते ज्यांचं त्यांना माहीत. त्यांनी आपली चूक कधी झाकली नाही. प्रत्येक नव्या मुलीला त्या आधी शालूची हकीकत सांगायच्या आणि मगच वल्हं हातात द्यायच्या.

त्यांच्या मायेबद्दल एकच सांगते. लग्नानंतर मी मुंबईला गेले. माझं पहिलं मूल जन्मून लगेच गेलं, तेव्हा मी महिनाभर माहेरी होते. येणारी प्रत्येक बाई मला जवळ घेऊन रडायची. ताई आल्या, त्यांनी मला काठावर नेलं, हातात करवंटी दिली आणि म्हणाल्या, "होडयेत पाणी साचलाहा, उपस." मी दुपारभर उपसत होते. त्या शेजारी बसून दोर वळत होत्या. होडी कोरडी झाली तेव्हा मी रडत होते, आणि त्यांनी मला रडू दिलं.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. सत्कार समितीनं त्यांच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवली आहे. भाषणं संपेपर्यंत त्या तिथे बसतील, याची खात्री मला देता येत नाही. अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना शांत, निवांत आयुष्य चिंतायची रीत आहे. माझा हात तसं लिहायला धजत नाही. ज्यांनी आमच्या घरातल्या एका गादीवरच्या माणसाचे पाय चालते केले, त्यांना मी निवांतपणा कुठल्या तोंडानं मागू?

ताईंना खूप आयुष्य मिळो, ते धडधाकट मिळो, आणि ते शेवटपर्यंत असंच घराबाहेर ओढणारं असो. माझ्या या शुभेच्छा मी त्यांना सभागृहात देणार नाही. काठावर जाऊन देईन, आणि त्या ऐकून घेण्यापुरतं तरी त्यांनी क्षणभर एका जागी उभं राहावं, एवढंच त्यांच्याकडे मागणं आहे.